सारखे शब्द, निराळे अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी केवळ तीन वर्षे शिकलो. पुढे शाळा सुटली, गाव सुटले, शिक्षणासाठी खानदेशात परतलो आणि तेथेच मराठीचा अध्यापक म्हणून सारे आयुष्य गेले. तरीही आज पलसाण्यात या व्यासपीठावर उभा राहताना माझ्या नावामागची पीएच.डी.ची पदवी मला आठवत नाही. आठवतो तो पाटी छातीशी धरून उभा असलेला सात वर्षांचा मुलगा. व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत. मी एखाद्या संतकवीवर किंवा कादंबरीकारावर बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. परंतु गुरुजींचे माझ्यावरील ऋण एका शब्दाचे आहे, म्हणून मी शब्दांवरच बोलणार आहे. दिसायला सारखे पण अर्थाने निराळे असलेले शब्द, हा आजचा विषय.

प्रथम तो प्रसंग सांगतो. सन १९५७. माझे वडील खानदेशातील कोरडवाहू शेती सोडून सुरतेला यंत्रमागावर कामाला लागले होते आणि आम्ही काही काळ या परिसरातील एका खेड्यात राहत होतो. त्यावेळी महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्ये नव्हती; मुंबई हे एकच द्वैभाषिक राज्य होते. मला गावच्या गुजराती शाळेत घातले. घरी आम्ही अहिराणी बोलत असू. मराठी मुळाक्षरे मी गावाकडे शिकून आलो होतो आणि वाचनाची मला मनापासून गोडी होती. पहिल्याच दिवशी वर्गावरच्या मास्तरांनी विचारले, ‘‘तने वांचतां आवडे छे?’’ मी आनंदाने म्हणालो, ‘‘हाव, माले आवडस!’’ मास्तरांनी गुजराती वाचनमाला माझ्या हाती दिली. तिच्यातील अक्षरांना शिरोरेषा नव्हती. काही अक्षरे ओळखीची वाटत, काही मुळीच नाही. मी मुकाट उभा राहिलो. मुले हसली. मास्तर म्हणाले, ‘‘खोटुं बोले छे,’’ आणि हातावर सहा छड्या बसल्या.

आपल्यापैकी ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांच्या लक्षात घोटाळा आलाच असेल. गुजरातीत ‘आवडे छे’ म्हणजे ‘येते’, ‘जमते’. मास्तरांनी विचारले होते, तुला वाचता येते का? मी ऐकले होते, तुला वाचायला आवडते का? प्रश्न खरा होता, उत्तरही खरे होते आणि तरीही मी खोटा ठरलो होतो.

मधल्या सुटीत गुरुजींनी मला बोलावले. ते दुसऱ्या वर्गाला शिकवीत. त्यांचे मराठी मोडके होते, पण मुंबईत काही वर्षे काढल्यामुळे त्यांना कानाची सवय होती. पाटीवर खडूने त्यांनी मला काही लिहायला सांगितले. मी देवनागरीत माझे नाव, वडिलांचे नाव आणि गावाचे नाव लिहिले. ते थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुला वाचता येते?’’ मी म्हटले, ‘‘हाव, येस.’’ अहिराणीत ‘येस’ म्हणजे येते. गुरुजी हसले. हा मुलगा इंग्रजीही बोलतो, असे त्यांना क्षणभर वाटल्याचे त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितले! त्या दिवशी त्यांनी आपल्या टिपणवहीत दोन ओळी लिहिल्या: गुजराती आवडे, म्हणजे मराठी येते, मराठी आवडते, म्हणजे गुजराती गमे. नंतर ती वही ते माझ्या मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तरांनी माझी क्षमा वगैरे मागितली नाही. त्या काळी तशी रीत नव्हती. पण पुन्हा त्यांनी मला कधी मारले नाही, आणि प्रश्न विचारला की ‘समज्यो?’ असे आवर्जून विचारू लागले. ते दुष्ट नव्हते. त्यांनी जे ऐकले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष.

मला आज जे मांडावयाचे आहे त्याचे बीज या प्रसंगात आहे. अनोळखी शब्द माणसाला फसवीत नाही. ओळखीचा शब्द फसवतो. परका माणूस दारात आला तर आपण त्याचे नाव-गाव विचारतो. ओळखीचा चेहरा दिसला की विचारल्यावाचून आत घेतो. शब्दांचेही तसेच आहे. मास्तरांनी ‘गमे छे?’ असे विचारले असते, तर मी गोंधळून ‘म्हणजे काय?’ असे म्हटले असते आणि माझे हात वाचले असते. ‘आवडे’ हा शब्द घरचा वाटला, म्हणून मी विचारले नाही. माझे ‘आवडस’ मास्तरांना घरचे वाटले, म्हणून त्यांनीही विचारले नाही.

भाषाभ्यासात अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणतात. दोन फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ मध्ये फ्रेंच आणि इंग्रजीतील अशा शब्दांवर एक ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. मला मात्र हे नाव तितकेसे पटत नाही. मराठी आणि गुजराती यांच्यातील असे बहुतेक शब्द खोटे नाहीत. ती एकाच कुळातील भावंडे आहेत. वेगवेगळ्या घरी वाढली, वेगवेगळ्या कामाला लागली. त्यांना खोटे म्हणण्यापेक्षा त्यांची नीट विचारपूस करणे बरे.

या विचारपुशीला पलसाण्यासारखे गाव फार सोयीचे आहे. हा भाग पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. गादीवर मराठी भाषक गायकवाड आणि प्रजा गुजराती बोलणारी, अशी येथील स्थिती होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, ते प्रजेच्या भाषेतून. दरबारात मराठी, कचेरीत गुजराती, वरिष्ठ पत्रव्यवहारात इंग्रजी आणि जुन्या दप्तरात फारसी, अशा राज्यात शब्दाचा अर्थ घसरला तर हुकूमच घसरणार. त्यावर उपाय म्हणून बडोद्याने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध केला. एका शब्दापुढे आठ भाषांतील पर्याय ओळीने मांडलेले पाहिले म्हणजे राज्यकर्त्याला ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न किती महत्त्वाचा वाटला होता ते कळते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. भाषांची सरमिसळ मात्र तशीच राहिली. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे कामासाठी येत राहिली. आज या तालुक्यातील कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांत खानदेशातून आलेली माणसे आहेत, आणि त्यांची मुले अशा शाळांतून बसतात. घरी अहिराणी, शाळेत गुजराती किंवा मराठी, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांतून ती रोज ये-जा करतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात नव्हे, तर नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर जागा मिळाली. ते वर्गीकरण सर्वांना मान्य आहे असे नाही. पण गुजरातीचे ‘छे’ आणि अहिराणीचे ‘शे’ शेजारी ठेवले की त्याला तसे का वाटले असेल ते समजते.

आता काही शब्द पाहू. काही शब्दांनी नुसते हसू येते. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही असा, मोकळा. ‘‘तमे नवरा छो?’’ असे एखाद्या गुजराती गृहस्थाने विचारले तर ‘आपल्याला सवड आहे का?’ एवढाच त्याचा अर्थ असतो. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाने याचे कोणते उत्तर द्यावे? तीच गोष्ट ‘नवरी’ची. घरातली मुलगी ‘हुं नवरी छुं’ म्हणाली म्हणजे तिचे काम आटोपलेले असते, लग्न ठरलेले नसते. गुजरातीत म्हण आहे, ‘नवरो बेठो नख्खोद वाळे’, म्हणजे रिकामा बसलेला माणूस सत्यानाश करतो. आमच्या चाळीतल्या बायकांना ही म्हण जशीच्या तशी पटत असे, तिचा गुजराती अर्थ कळण्याआधीच.

‘हवे’ हा असाच आणखी एक शब्द. मराठीत ‘हवे’ म्हणजे पाहिजे. गुजरातीत ‘हवे’ म्हणजे आता. दुकानदार ‘हवे शुं?’ म्हणतो तेव्हा तो ‘आता काय?’ असे विचारतो. मराठी गिऱ्हाईक त्याला ‘काय हवे?’ असे समजून सामानाची यादी सांगते. योगायोगाने व्यवहार पार पडतो, आणि अर्थ चुकला होता हे दोघांनाही कधी कळत नाही. चुकीच्या वाटेनेही माणूस कधीकधी बरोबर ठिकाणी पोहोचतो; म्हणून वाट बरोबर होती असे होत नाही.

काही शब्द मात्र पोटाशी येतात. गुजराती ‘काल’ हा गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना चालतो. स्पष्ट करायचे तर ‘गई काल’ आणि ‘आवती काल’ म्हणतात. मराठी ‘काल’ फक्त गेलेला दिवस. पगार ‘काले’ मिळेल असे मुकादमाने म्हटले तर क्रियापदावरून उलगडा होतो हे खरे. पण यंत्रांच्या खडखडाटात क्रियापद ऐकू येतेच असे नाही, आणि नवख्या माणसाच्या कानात फक्त ‘काल’ उरतो. काल पगार झाला आणि आपल्याला मिळाला नाही, असे समजून कासावीस झालेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यावर आपण गुजरातीला हसतो. परंतु मराठीतील ‘परवा’ आठवा. परवा आलो आणि परवा येईन, दोन्ही आपण बिनदिक्कत म्हणतो. आपल्या घरातील संदिग्धता आपल्याला दिसत नाही, कारण तिची आपल्याला सवय झालेली असते.

‘वार’चेही असेच. मराठीत वार म्हणजे सोमवार-मंगळवारातला वार, शस्त्राचा वार आणि कापड मोजण्याचा वार. गुजरातीत याशिवाय ‘वार’ म्हणजे वेळ, विलंब. ‘वार लागशे’ म्हणजे उशीर लागेल. दवाखान्याच्या दारात आजारी मूल घेऊन उभ्या असलेल्या, नुकत्याच आलेल्या बाईला ‘वार लागशे’ म्हटले तर तिच्या मनात काय येईल याचा विचार करा. भाषेतील भेद अशा वेळी व्याकरणाच्या पुस्तकात राहत नाही.

आपल्या गावाच्या धंद्यातलाच एक शब्द घ्या. ‘भात’ म्हटले की मराठी माणसाला ताट आठवते. गुजरातीतही भात म्हणजे शिजवलेला तांदूळ आहेच. पण तेथे कापडावरील नक्षीलाही भात म्हणतात, आणि नक्षीदार, रंगीबेरंगी ते ‘भातीगळ’. या तालुक्यात छापलेल्या साड्या देशभर जातात. त्या साडीवरच्या भातीने ज्याच्या ताटातला भात शिजतो, त्या कामगाराला तरी हे दोन्ही अर्थ ठाऊक असावेत असे मला वाटते.

आता मी तिसऱ्या प्रकाराकडे वळतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही शब्दांचा शेजाऱ्याकडचा अर्थ आपल्याला परका वाटतो. पण शोधू गेले तर तो आपल्याच घरात सापडतो. गुजरातीत ‘गाळ’ म्हणजे शिवी. मराठीत गाळ म्हणजे पाण्याखाली साचणारा चिखल. दोहोंचा काही संबंध नाही असे आपण म्हणतो, आणि पुढच्याच वाक्यात ‘शिवीगाळ’ करू नये असा उपदेश करतो! त्या ‘शिवीगाळ’मधला गाळ हा चिखल नव्हे, तो गुजरातीतलाच गाळ. गुजरातीत ‘राग’ म्हणजे प्रेम, आसक्ती. मराठीत राग म्हणजे संताप. पण मराठी माणूसही ‘अनुराग’ म्हणतो तेव्हा त्याला प्रेमच अभिप्रेत असते. गुजरातीत ‘बारी’ म्हणजे खिडकी. स्टेशनवर ‘टिकिट बारी’ अशी पाटी असते. मराठीत ‘बारी’ म्हणजे पाळी, रांग. पंढरपुरात दर्शनबारी असते. स्टेशनवरील त्या पाटीखाली उभा राहिलेला वारकरी ती पाटी आपल्या अर्थाने वाचतो, आणि समोर रांगही असतेच.

‘शिक्षा’ हा शब्द तर आपण शिक्षकांनी विसरूच नये. संस्कृतात शिक्षा म्हणजे अध्ययन. वर्णोच्चाराच्या शास्त्राला, एका वेदांगाला, तेच नाव आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. २००१ च्या सुमारास देशभर ‘सर्व शिक्षा अभियान’ सुरू झाले तेव्हा मराठी शाळांतील मुलांनी त्या पाटीचा कोणता अर्थ लावला असेल ते सांगावयास नको. २०१८ मध्ये त्या योजनेचे ‘समग्र शिक्षा’ झाले, म्हणजे मुलांच्या दृष्टीने सवलत काही मिळाली नाही. विनोद सोडला तरी एक प्रश्न उरतो. शिकवणे या अर्थाच्या शब्दाला मराठीत दंडाचा अर्थ चिकटला, तो आपल्या वर्गांतील अनुभवामुळे तर नव्हे? माझ्या सहा छड्या या प्रश्नाला साक्षीदार आहेत.

दोन भाषांचे झाले. एकाच भाषेच्या आतही असे शब्द पुष्कळ असतात, आणि तेथे भेद केवळ एका वेलांटीचा किंवा उकाराचा असतो. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. पुन्हा सूत म्हणजे सारथी. म्हणून कर्ण हा सूतपुत्र. एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘विणकराचा मुलगा’ असा लिहिला होता. सुरतेचा मुलगा असता तर मी त्याला अर्धा गुण दिला असता! दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. एका निमंत्रणपत्रिकेवर मी ‘स्मृतिदीन’ असे छापलेले वाचले. स्मृतिदीन म्हणजे ज्याची स्मृती दरिद्री आहे असा. ज्या माणसाचा स्मृतिदिन आपण पाळतो, त्याच्या बाबतीत आपण स्मृतिदीन ठरू नये, एवढी काळजी तरी ऱ्हस्व-दीर्घाने घ्यायला लावली पाहिजे. गुजरात विद्यापीठाने, म्हणजे गांधीजींनी स्थापन केलेल्या विद्यापीठाने, १९२९ मध्ये जोडणीकोश काढून गुजराती लेखनाला शिस्त लावली. मराठीत साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. नियमांविषयी मतभेद असू शकतात. परंतु लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला फसवू नये, हा त्यांमागचा हेतू मतभेदाच्या पलीकडचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या इंग्रजीकडे येतो. तुमच्यापैकी पुष्कळजण इंग्रजीतून शिकता किंवा शिकणार आहात. इंग्रजीत ‘डेअरी’ आणि ‘डायरी’ हे दोन शब्द त्याच पाच अक्षरांनी लिहितात. फक्त मधली ‘ए’ आणि ‘आय’ ही अक्षरे जागा बदलतात. एका मुलाने निबंधात लिहिले होते की, मी रोज रात्री झोपण्यापूर्वी डेअरी लिहितो. सुमुलचे दूध घरोघर जाणाऱ्या या जिल्ह्यात ही चूक अगदी स्वाभाविक म्हणायची. काही इंग्रजी शब्दांचे याच्या उलट होते. इंग्रजीत स्पेलिंगने वेगळे असलेले दोन शब्द देवनागरीत आले की एकच होतात. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुख्याध्यापक आणि ‘प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्व. ‘स्टेशनरी’ म्हणजे वह्या-पेन्सिली आणि ‘स्टेशनरी’ म्हणजे एका जागी स्थिर. इंग्रजीत हे भेद शेवटाकडील एक-दोन अक्षरांत असतात आणि आपल्या लिपीत ते पुसले जातात. पाठांतराने हे भेद काही दिवस टिकतात. शब्द वाक्यात घालून वापरला तर कायमचे टिकतात. ‘आमच्या प्रिन्सिपलांना प्रिन्सिपल आहे’ हे वाक्य इंग्रजीत लिहून पाहा; स्पेलिंग पुन्हा चुकणार नाही, आणि मुख्याध्यापकही रागावणार नाहीत.

येथवर मी जे बोललो ते अध्यापक म्हणून. आता जे सांगणार आहे ते आजवर मी कोणासमोर बोललेलो नाही. गुरुजींच्या अखेरच्या भेटीत त्यांना सांगावे असे मनात होते, पण धीर झाला नाही. त्यांच्या नावाने होणाऱ्या या सभेत ते सांगणे मला प्राप्त आहे.

नंदुरबार जिल्ह्यात नवापूर नावाचे गाव आहे. तेथील रेल्वे स्टेशनातूनच दोन राज्यांची सीमा जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. त्या भागातील एक गुजराती भाषक विद्यार्थिनी मी शिकवीत होतो त्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आली. मुलगी अबोल, पण तासाला नियमित. एके दिवशी मी व्याकरणाचा प्रश्न विचारला तेव्हा ती उभी राहून म्हणाली, ‘‘सर, मला व्याकरण आवडत नाही.’’ वर्ग स्तब्ध झाला. मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हणालो, ‘‘आवडत नसेल तर तासाला बसण्याची सक्ती नाही.’’ वर्ग हसला. ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिने विषय बदलून घेतला, असे कार्यालयातून कळले. मला त्याचे विशेष काही वाटले नाही.

दोन वर्षांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना सीमाभागातील दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या निबंधात वाक्य आले: मला पोहायला आवडत नव्हते म्हणून मी नदीत उतरलो नाही, आणि माझा मित्र वाहून जाताना काठावर रडत उभा राहिलो. मी ते वाक्य दोनदा वाचले. पोहायला आवडत नव्हते म्हणून? आणि एकदम माझ्या तळहातावर छडी बसल्यासारखे झाले. त्या मुलाला पोहता येत नव्हते. आणि त्या मुलीला व्याकरण येत नव्हते. ती मला सांगत होती, सर, मला हे जमत नाही, शिकवा. साऱ्या वर्गासमोर धीर करून तिने मदत मागितली होती आणि मी तिला दार दाखवले होते. शब्दांच्या अर्थपरिवर्तनावर प्रबंध लिहिलेल्या, त्याच शब्दापायी स्वतः मार खाल्लेल्या माणसाने हे केले होते. तिची चौकशी केली तेव्हा ती शिक्षण सोडून गेल्याचे समजले. तिची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही.

मित्रहो, मास्तरांना मराठी येत नव्हते. त्यांना क्षमा आहे. मला दोन्ही भाषा येत होत्या. मग माझे काय चुकले? ज्ञान कमी पडले नाही. त्या क्षणी मला शंकाच आली नाही. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला शब्द ऐकताच अर्थ कळल्यासारखा वाटतो, आणि समोरचा माणूस लहान असला तर अर्थाची शहानिशा करण्याची त्याला गरज वाटत नाही. गुरुजी आणि मी यांच्यात फरक हाच. त्यांना मराठी माझ्या गुजरातीच्या निम्मेही येत नव्हते. परंतु मुलाचे उत्तर आणि मुलाचा चेहरा यांचा मेळ बसत नाही एवढे त्यांनी पाहिले, आणि शिक्षेऐवजी पाटी पुढे केली.

म्हणून या शाळेकडे माझी एक विनंती आहे. गुरुजींची ती टिपणवही पुढे वाढत गेली होती आणि तिच्यात मुलांच्या चुकांतून मिळालेले शब्द त्यांनी टिपले होते. तशी एक वही शिक्षकांच्या खोलीत ठेवावी. ज्या दिवशी एखादे मूल वेडेवाकडे उत्तर देईल, त्या दिवशी प्रथम ती वही उघडावी. मुलाचा शब्द कोणत्या भाषेतून आला आहे ते पाहावे. तो तेथे नसेल तर मुलालाच विचारावे आणि वहीत नवी ओळ घालावी. पालकांनीही त्यात भर घालावी. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी, सर्वांचे स्वागत असावे. दहा वर्षांत या गावाचा स्वतःचा एक छोटा कल्पतरू तयार होईल, आणि त्यासाठी संस्थानाच्या खजिन्याची गरज पडणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याची लाज बाळगू नका. विशेषतः शब्द ओळखीचा वाटेल तेव्हा तर अवश्य विचारा. मराठीत भाषा ‘येते’ आणि माणूस ‘आवडतो’. गुजरातीत भाषा ‘आवडे’. मला या वयात वाटते की हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांब नसावेत. जे येत नाही ते आवडणे कठीण, आणि जे आवडत नाही ते येणे त्याहून कठीण. गुरुजींनी मला गुजराती शिकवली ती छडीने नव्हे. म्हणून ती मला दोन्ही अर्थांनी आवडे छे.

  आता आपली रजा घेतो. सुदैवाने ‘रजा’ या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे.